आजाराची फाईल आणि कोर्टाची पायरी

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असे आपल्याकडे म्हणतात. पण मानसिक आजाराच्या भरात घरातल्या माणसाच्या हातून गुन्हा घडतो आणि पोलीस त्याला घेऊन जातात, तेव्हा ती पायरी नातेवाइकांना चढावीच लागते. अशा वेळी अनेक कुटुंबे आजाराबद्दल गप्प राहतात. लोक काय म्हणतील, धाकटीच्या लग्नाचे काय होईल, ही भीती असते. हे मौन आजारी माणसालाच महागात पडते.

बिबवेवाडी-स्वारगेट भागातील लोक २५ जानेवारी २०१२ची सकाळ विसरलेले नाहीत. संतोष माने या चालकाने स्वारगेट आगारातून एसटी बस पळवली आणि शहराच्या रस्त्यांवर ९ जणांचा बळी घेतला. बचाव पक्षाने मानसिक आजाराचा मुद्दा मांडला, पण तो न्यायालयांना पटला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फाशीऐवजी जन्मठेप दिली; दोषसिद्धी मात्र कायम राहिली.

याच न्यायालयाने २००२ मध्ये महाराष्ट्रातील एका पोलीस शिपायाला पत्नीच्या खुनाच्या आरोपातून मुक्त केले होते. १९९४च्या त्या घटनेआधीपासून त्याच्यावर मानसोपचार सुरू होते, स्किझोफ्रेनियाचे निदान झाले होते. घटनेनंतरच्या काही महिन्यांत त्याला २५ वेळा उपचारांसाठी नेल्याची नोंद होती. कृत्य भरदिवसा घडले, तरी त्याने पळून जाण्याचा प्रयत्न केला नव्हता. दोन्ही खटल्यांचे तपशील वेगळे आहेत, पण एक गोष्ट स्पष्ट होते. नुसते आजाराचे नाव पुरत नाही, आजाराचा इतिहास पुराव्यानिशी मांडावा लागतो.

इथे दोन प्रश्नांची गल्लत होते. पहिला प्रश्न कृत्याच्या क्षणाचा. आपण काय करतो आहोत किंवा ते चूक आहे, हे त्या वेळी मनोविकारामुळे कळतच नव्हते का? तसे असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ नुसार तो गुन्हा ठरत नाही. ते सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर असते. दुसरा प्रश्न आजचा. आरोपीला खटला समजतो का, आपला बचाव करता येतो का? येत नसेल तर न्यायालय त्याची वैद्यकीय तपासणी करवून खटला पुढे ढकलू शकते. अशा आरोपीला रुग्णालयात ठेवण्याची गरज नसेल, तर अजामीनपात्र गुन्ह्यातही जामीन मिळू शकतो. त्यासाठी नातेवाइकाने किंवा मित्राने दोन हमी द्याव्या लागतात: नियमित उपचार करून घेऊ आणि त्याच्याकडून स्वतःला वा इतरांना इजा होऊ देणार नाही.

म्हणून अटकेची बातमी कळताच पोलिसांना आजार आणि सुरू असलेली औषधे लेखी कळवावीत. पहिल्याच हजेरीला वकिलामार्फत ते न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कानावर घालावे. औषधे अचानक तुटली की आजार उलटण्याचा धोका असतो, म्हणून चिठ्ठ्यांच्या प्रती तुरुंगातील डॉक्टरांपर्यंत पोहोचवाव्यात. जुने डिस्चार्ज कार्ड, तपासणीचे कागद, औषधांची बिले तारखेनुसार एका फाईलमध्ये लावावीत. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ रुग्णाला स्वतःचे वैद्यकीय कागद मागण्याचा हक्क देतो. कोठडीतील व्यक्तीला मोफत वकील मिळू शकतो; त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. मात्र मागाहून कागद ‘तयार’ करण्याच्या फंदात कुणी पडू नये. त्याने खरा आजारही खोटा वाटू लागतो.

याचा अर्थ पीडितांचे दुःख दुय्यम ठरते असा नाही. ज्यांनी आपले माणूस गमावले, त्यांना न्याय मिळायलाच हवा. पण योग्य उपचारांवर राहिलेला रुग्ण समाजासाठीही अधिक सुरक्षित असतो. त्यामुळे पोलीस ठाण्यातच ‘काही मानसिक उपचार सुरू आहेत का?’ हा प्रश्न विचारून उत्तर नोंदवण्याची पद्धत पडायला हवी. तुरुंगात मानसोपचारतज्ज्ञ नियमित यायला हवेत.

तोवर पहिले पाऊल घरातूनच पडायला हवे. घरात कुणाचे वागणे बिघडत असेल, तर येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचे किंवा जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाचे दार आजच ठोठवा. १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. वेळेवर सुरू झालेल्या उपचारांमुळे कोर्टाची पायरी टळूही शकते. नाही टळली, तर तीच फाईल तिथे त्याच्या बाजूने बोलेल.