प्रत काढावी की न काढावी?

परीक्षेत शेजाऱ्याच्या उत्तरपत्रिकेतून उतरवून घेणे हा अपराध होय, हे तुम्ही जाणता. मग एखाद्या थोर चित्रकाराचे चित्र समोर ठेवून त्याची प्रत काढणे हाही अपराधच नव्हे काय? पुष्कळांना तसे वाटते. अशाने मुलांची स्वतःची प्रतिभा खुरटते, असे ते म्हणतात. मला हे मत मान्य नाही. उत्तर उतरवणारा विचार टाळतो. मन लावून चित्राची प्रत काढणाऱ्याला मात्र पावलोपावली विचार करावा लागतो.

उदाहरणार्थ, व्हॅन गॉग या डच चित्रकाराचे 'पिवळे घर' हे चित्र घेऊ. फ्रान्समधील आर्ल या गावी त्याने भाड्याने घेतलेल्या घराचे हे तैलचित्र १८८८ सालचे आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, बाँबहल्ल्याने त्या घराची मोठी हानी झाली व पुढे ते पाडण्यात आले. चित्र मात्र अ‍ॅम्स्टरडॅम येथील संग्रहालयात सुरक्षित आहे.

या चित्राची प्रत काढू लागलेला विद्यार्थी प्रथम आकाशापाशी अडतो. उन्हाच्या वेळचे आकाश फिकट असावे, अशा समजुतीने तो ते फिकट रंगवतो आणि त्याचे घर निस्तेज दिसू लागते. मूळ चित्र पुन्हा निरखल्यावर त्याला उमगते, की तेथील आकाश गडद निळे आहे आणि त्या निळाईमुळेच भिंतींचा पिवळा रंग उजळून निघाला आहे. मग पिवळ्या रंगातही भेद दिसू लागतात: भिंतीचा पिवळा निराळा, रस्त्याचा निराळा. तैलरंगाचा स्वभावही त्याला कळतो. हा रंग जलरंगासारखा लवकर वाळत नाही. ओल्या थरावर घाईने दुसरा रंग फिरवला, तर दोन्ही मिसळून मळकट होतात. म्हणून खालचा थर टर्पेन्टाइनने पातळ करावा व वरचे थर जाड द्यावेत. हे नियम वाचून समजतात. हाताच्या अंगी मात्र ते करूनच मुरतात.

प्रतीने प्रतिभा मरते म्हणणाऱ्यांना व्हॅन गॉगचेच चरित्र उत्तर देते. 'पिवळे घर' रंगवल्यानंतर, १८८९-९० मध्ये, सां-रेमी येथील रुग्णालयात असताना त्याने मिले या फ्रेंच चित्रकाराच्या वीसएक चित्रांच्या प्रती काढल्या. समोर होती ती बहुतेक काळी-पांढरी छापील चित्रे; रंग त्याने स्वतःच्या मनाने योजले. आकृती दुसऱ्याची असूनही त्या चित्रांवर त्याचा स्वतःचा ठसा स्पष्ट उमटला आहे.

परंतु प्रत काढणाऱ्याने दोन बंधने पाळली पाहिजेत. प्रतीखाली मूळ चित्रकाराचे नाव अवश्य लिहावे. ते लपवले, की अभ्यासाची चोरी होते. आणि प्रत पुरी झाली, की मूळ चित्र दूर ठेवून आपल्या घरासमोर बसावे. तुमच्या घराची भिंत कदाचित पिवळी नसेल. ती पावसाने शेवाळलेली असेल, वर कौले किंवा पत्रे असतील. तेथे व्हॅन गॉगचा पिवळा रंग उसना आणू नका. कोणत्या रंगाशेजारी कोणता रंग ठेवला असता आपली भिंत खुलून दिसेल, हा प्रश्न मात्र त्याच्याकडून शिकून घ्या. त्याचे उत्तर तुमचे तुम्हालाच शोधावे लागेल. ते कोणाच्याही उत्तरपत्रिकेत सापडणार नाही.