उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी
वालचंदनगर-जंक्शन पट्ट्यात सध्या कुठलं गाणं चालतंय, हे कळायला मोबाइल लागत नाही. गळीत हंगामात रस्त्याकडेला उभं राहायचं. भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याकडे निघालेला ट्रॅक्टर, मागे उसानं लादलेल्या दोन ट्रॉल्या आणि ड्रायव्हरच्या डोक्यामागे ठासून बसवलेले स्पीकर. ऊस मागाहून दिसतो, गाणं आधी पोचतं. तिथं अजूनही ‘झिंगाट’ हटलेलं नाही. अजय-अतुलचं काम झकासच, पण ‘सैराट’ 2016चा. ट्रॅक्टरवर ठीक, पण लग्नातल्या हळदीला आता जरा पुढं सरका की! संजू राठोडचं 2024चं ‘गुलाबी साडी’ लहान पोरांनाही पाठ झालंय, तेव्हा त्याचंच 2025चं ‘शेकी’ लावा. माझं मत मात्र क्रेटेक्स आणि श्रेयस यांच्या ‘तांबडी चामडी’ला. हाउस म्युझिकचा सरळ, न थकणारा ठोका आणि त्यावर बिनधास्त रांगडी मराठी. 2024मध्ये ते नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सनं काढलं, तेही मराठी जशीच्या तशी ठेवून. हलगीवर तयार झालेल्या पायांना हा ठोका जड जाणार नाही. फक्त डीजेवाल्या दादांना एक विनंती: मिनिटभरात गाणं कापू नका, हाउस हळूहळू चढतं. आणि शेवटी वैशाली सामंतचं ‘ऐका दाजीबा’ राखून ठेवा. कॉलेजात त्यावर नाचलेल्या पोरी आता वरमाया झाल्यात, आणि त्या काही ऐकायच्या नाहीत.