फिरती गरी

वीकेंडला काय केलंत? मॉल, मूव्ही, की नुसतं लोळणं? मी शनिवारी रात्री साडेबारा वाजता भंडाऱ्यातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत, मोबाइलच्या टॉर्चमध्ये, एक काठी हाताने गोल फिरवत बसले होते. हसू नका, सांगते.

काठी म्हणजे माझ्या मोठ्या बाबांचा मासे पकडायचा रॉड. भंडारा तलावांचा जिल्हा, शिवाय वैनगंगा गावाला लागूनच. त्यामुळे आमच्याकडे पोरांच्या हातात बॅटच्या आधी गरी येते. बांबूची काठी, नायलॉनचा दोरा, गळ आणि गांडूळ, संपलं! तलावांची मासेमारी ढिवर बांधवांच्या सोसायट्यांकडे असते, म्हणून मोठे बाबा तिथे विचारल्याशिवाय गरी टाकत नाहीत. कारध्याचा नदीकाठ मात्र त्यांचा हक्काचा.

बांबूला ना वार्निश लागतं ना लाड. फायबरग्लासच्या रॉडचं तसं नाही. ज्यातून दोरा धावतो त्या रिंगा रॉडवर रेशमासारख्या धाग्याने गुंडाळून बांधतात आणि त्यावर दोन बाटल्यांतून मिसळायचं पारदर्शक इपॉक्सी लावतात. मोठ्या बाबांच्या रॉडच्या तीन रिंगा निखळल्या होत्या. गुडघे दुखायला लागल्यापासून ते नदीवर कमीच जातात, आणि रॉड तुटल्यावर तर जाणं बंदच झालं. मी मोठ्या ऐटीत म्हटलं, ‘मी करून देते.’

पहिला प्रयोग दिवाळीत. धागा मस्त बांधला, इपॉक्सी लावलं, रॉड दोन खुर्च्यांवर आडवा ठेवला आणि गप्पा मारायला गेले. तासाभराने येऊन बघते तर प्रत्येक रिंगेखाली मधाच्या थेंबासारखा लोंबता गोळा! इपॉक्सी सुकत नाही हो, ते रासायनिक क्रियेने घट्ट होतं, आणि तोवर गुरुत्वाकर्षण आपलं काम करत राहतं. म्हणून पहिले तीन-चार तास रॉड सतत, अगदी संथ फिरता ठेवावा लागतो. सगळं खरवडून पुन्हा पहिल्यापासून.

या वेळी अभ्यास करून गेले. मायक्रोवेव्हमधली काच फिरवणारी मोटर असते ना, तीच घेतली. मिनिटाला पाच-सहा फेरे, याहून जास्त लागतच नाहीत. फक्त 220 व्होल्टवर चालणारी मागा, आणि वायरचे जोड नीट झाकून घ्या. खरी गंमत मोटरची नाही, पकडीची आहे. मोटर बिचारी फिरत राहते आणि रॉड आत घसरून जागच्या जागी! तुम्हाला कळतं थेट सकाळी. प्लंबरच्या दुकानातली पीव्हीसीची टोपी मोटरच्या दांड्यावर घट्ट बसवली, तिच्या कडेला सारख्या अंतरावर तीन स्क्रू लावले आणि रॉडच्या मुठीभोवती जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. स्क्रू रबरावर रुततात, मुठीला ओरखडा नाही. मग टोपी आणि मूठ या दोन्हींवरून खडूची एक सरळ रेघ. रेघ तुटलेली दिसली की समजा, पकड सुटली.

पुढच्या टोकाला बुटाच्या खोक्यात ‘व्ही’ आकाराची खाच, तिला आतून मऊ कापड, वरून एक सैल रबरबँड, म्हणजे रॉड उडी मारून बाहेर येणार नाही. खाच दोन रिंगांच्या मधे हवी, ओल्या धाग्याला कुठेच टेकता कामा नये. रॉड पाणसळीत हवा, नाहीतर इपॉक्सी उताराकडे सरकतं. पंखा बंद. आणि इपॉक्सी मिसळायच्या आधी अर्धा तास कोरडा रॉड फिरवून बघा. माझी पकड त्या अर्ध्या तासात दोनदा सुटली, म्हणून सांगते.

रात्री दहाला हात मारला. आरशासारखं दिसत होतं. पावणेअकराला... लाइट गेली!

मग काय, मोटर सोडवली आणि दर पाच मिनिटांनी अर्धा फेरा हाताने. साडेबाराला मोठे बाबा उठून आले. ‘काय करून राहिली तू?’ सांगितलं. गुपचूप खुर्ची ओढून बसले. ‘जा, थोडी पड. मी पाहतो.’ मी कसली पडते! आळीपाळीने फिरवत बसलो. कारध्याला एकदा रोहूने त्यांची गरी हातातून ओढून नेली होती, हा किस्सा मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. इतकी वर्षं आम्ही फोनवर फक्त ‘जेवली का’ एवढंच बोलत होतो.

सव्वा वाजता लाइट आली. रॉड परत मोटरला जोडला, तर तो उलटा फिरायला लागला. या मोटरींचं असंच असतं, सुरू होताना दिशा मनाला येईल ती. इपॉक्सीला त्याने काही फरक पडत नाही, पण मोठे बाबा घाबरलेच. ‘अवं, उलटी फिरून राहिली ना ही!’ समजावलं, तरी तीन वाजेपर्यंत ते तिच्याकडे बघत बसले होते.

इपॉक्सी पुरतं कडक व्हायला काही दिवस जातील, त्यामुळे नदीवर पुढच्या रविवारी. दोन रिंगा एकदम परफेक्ट. तिसरीखाली बारीकसा फुगवटा राहिलाय. तो माझ्या पाळीत आला की त्यांच्या, यावर फोनवर वाद चालू आहे.