पानापेटी घ्या, पण हिशेब करून



मृगाचा पाऊस पडतो, रान वापशावर येते आणि नेमका त्याच सकाळी ट्रॅक्टर बसतो. मिस्त्री तालुक्याला. तो म्हणतो, परवा येतो. परवा पुन्हा आभाळ भरून येते. काळ्या रानातला वापसा कोणासाठी थांबत नाही. आठवडा हुकला की सरकी उशिरा पडते, आणि बोंडे भरायच्या वेळी जमिनीतली ओल संपलेली असते. मिस्त्रीचे बिल आपण मोजतो. हुकलेल्या वापशाचे बिल कोणी लिहून देत नाही, ते उताऱ्यातून परस्पर कापले जाते.

या दुखण्यावर दोन वैदू औषध विकतात. एक शोरूममधला. तो म्हणतो, पान्याला हात लावू नका, गाडी आमच्याकडे आणा. दुसरा प्रदर्शनात मांडव टाकून बसलेला. तो शंभर नगांची चकचकीत पेटी हप्त्यावर देतो आणि सांगतो, आता मिस्त्रीची गरजच नाही. पहिल्याला आपण अडाणी राहायला हवे आहोत, दुसऱ्याला हौशी. हिशेबी शेतकरी दोघांनाही नको आहे.

आम्हीही शेतकीची पदवी घेतली. इंजिनाचे चार ठोके फळ्यावर काढले, परीक्षेत लिहिले. टॅपेटची फट मात्र पहिल्यांदा बसवली ती पदवीनंतर कित्येक वर्षांनी, एका गावच्या मिस्त्रीच्या हाताखाली. म्हणून शिकवण्याचा आव न आणता हिशेब मांडतो.

खास अवजार घेण्याआधी चार प्रश्न विचारा. वर्षातून किती वेळा लागेल? नसले तर पेरणी, डवरणी, फवारणीचे किती दिवस जातील? त्याच्याशिवाय काम करायला गेलो तर काय मोडेल? आणि शेजाऱ्याबरोबर वाटून घेता येईल का?

या चाळणीतून पहिल्यांदा घरची अवजारे निघतात. आपल्या ट्रॅक्टरच्या बोल्टच्या मापाचे चांगल्या पोलादाचे रिंग पाने, डबल पाने आणि गोटी पाने. पाने दहाच असोत, पण मापाचे असोत. जुन्या ट्रॅक्टरला इंचाचे बोल्ट असतात. त्याला मिलिमीटरचा पाना लावला की बोल्टचे कोपरे झिजतात आणि मग छन्नी-हातोडा निघतो. ग्रीस गन. टायरची हवा मोजायचा गेज, कारण जास्त हवेचा टायर ओल्या काळ्या रानाला जास्त दाबतो. आणि फिलर गेज. पोलादी पात्यांचा हा जुडगा काहीशे रुपयांत मिळतो. टॅपेटची फट कमी राहिली तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो, जास्त राहिली तर इंजिन खडखडते आणि ताकद उतरते. पात्यांच्या या जुडग्याने इंजिनाचे आयुष्य राखले जाते. शंभर नगांच्या पेटीतले निम्मे नग गंजून जातात.

दुसरी यादी गटाची. टॉर्क पाना, बेअरिंगचा पुलर, बॅटरीचा हायड्रोमीटर. हेडचे बोल्ट ठरल्या जोराने, मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने आवळायचे असतात. पान्यात पाइप घालून अंदाजाने आवळले की कुठे बोल्ट ताणला जातो, कुठे गॅस्केट सैल राहते, आणि ऑइलमध्ये पाणी उतरते. पण हे काम एका घरी दरसाल निघत नाही. समजा टॉर्क पाना 6,000 रुपयांना पडला. एकट्याने घेतला तर ती चैन. बारा घरांनी घेतला तर घरटी 500 रुपये. पुलरचेही तेच. तो नसला की बेअरिंग ठोकून काढतात, आणि नव्या बेअरिंगच्या पैशात नव्या हाउसिंगचे पैसे मिळवावे लागतात. मात्र गटाच्या अवजाराला एक राखणदार आणि एक वही हवी. वही नसेल तर पुलर पहिल्याच हंगामात हरवेल आणि गट दुसऱ्या.

तिसरी यादी न घेण्याची. डिझेल पंप घरी उघडू नये. त्याला टेस्ट बेंच लागतो आणि धूळ चालत नाही. नोझल टेस्टरही गावोगाव नको, तालुक्याला एखादा पुरे. नोझलमधून सुटणारी धार कातडी भेदून आत शिरते. दिसायला टोचल्याएवढे दिसते, पण बोट जाऊ शकते, तेव्हा तत्काळ दवाखाना गाठावा. क्लचसाठी ट्रॅक्टर मधून सोडवायचा तर पक्के स्टँड हवेत. लाकडी ओंडक्यांवर ट्रॅक्टर तोलणे म्हणजे जिवाशी खेळ. ही कामे मिस्त्रीची आहेत, त्याचे दाम त्याला द्यावे. मिस्त्री आपला शत्रू नाही.

आता खरी लढाई. 1 जानेवारी 2023 पासून 50 अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले आणि त्यांच्या इंजिनात संगणक शिरला. तिथे बिघाड पान्याला सापडत नाही, स्कॅनरला सापडतो. कारचा स्वस्त स्कॅनर या ट्रॅक्टरला लागेलच असे नाही. कंपनीचे सॉफ्टवेअर कंपनीच्या कुलपात. अमेरिकेतला शेतकरी याच कुलपाशी भांडतो आहे. कोलोराडो राज्याने 2023 साली शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. जानेवारी 2025 मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने जॉन डिअर कंपनीला याच कारणावरून कोर्टात खेचले. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक खात्याने जुलै 2022 मध्ये समिती नेमली, 24 डिसेंबर 2022 रोजी दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल उघडले आणि शेतीयंत्रांनाही त्यात धरले. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. कंपनीने माहिती दिली तर दिली, नाही दिली तर शेतकऱ्याच्या हाती काय?

सरकारची नियत बघायची तर कराकडे बघा. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला. चांगले झाले. पण तोच ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या पान्यावर 18 टक्के. विकत घ्या म्हणून सवलत, टिकवा म्हणून दंड! कर्ज काढून नवे घेणारा शेतकरी त्यांना प्यारा, जुने दहा वर्षे राबवणारा नको.

तंत्रज्ञान शेतकऱ्याला मोकळेपणाने मिळाले पाहिजे, ही आपली मागणी. ती बियाण्यापाशी थांबत नाही. ज्याचे झाकण उघडता येत नाही ते यंत्र आपल्या दारात उभे असले तरी आपले नव्हे.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे तीन गोष्टी ठेवतो. हप्त्यावर पेटी कोणी घेऊ नये. मृगाआधी प्रत्येक शाखेने गटाची तीन अवजारे वर्गणीतून घ्यावीत, वहीसकट. आणि ठराव व्हावा : दुरुस्तीचे पुस्तक मराठीत द्या, सॉफ्टवेअरचे कुलूप काढा, पान्यावरचा कर ट्रॅक्टरइतकाच करा.

कर्ज आपल्या नावावर, तर पानाही आपल्याच हातात हवा.