कागदाच्या तराजूत वही कोठे?

सप्टेंबर २००५ मध्ये अमेरिकेतील वही-उत्पादकांच्या एका संघटनेने वॉशिंग्टन येथे सरकारदरबारी तक्रार गुदरली. भारत, चीन आणि इंडोनेशिया या तीन देशांतून येणाऱ्या रेघी वह्या अवाजवी स्वस्त दराने अमेरिकेच्या बाजारात ओतल्या जात आहेत आणि त्यामुळे तेथील कारखान्यांचे नुकसान होत आहे, असे त्या तक्रारीचे सार होते. वर्षभर चौकशी चालली आणि सप्टेंबर २००६ मध्ये तिन्ही देशांच्या वह्यांवर डंपिंगविरोधी शुल्क बसले. भारतीय निर्यातदारांपैकी काहींवर ते २३.१७ टक्के होते, इतर बहुतेकांवर ३.९१ टक्के, चीनमधील ज्या कारखान्यांना स्वतंत्र दर मिळाला नाही त्यांच्यावर तर ते तब्बल २५८.२१ टक्के होते. भारताच्या निर्यातदारांना येथील सरकारकडून मिळणाऱ्या सवलतींबद्दल आणखी एक प्रतिशुल्क लागले ते वेगळेच. मुंबईच्या ज्या नवनीत प्रकाशनाची मार्गदर्शके परीक्षेच्या वर्षी मराठी घरांत हमखास दिसतात, त्या संस्थेचे नावही या चौकशीच्या कागदपत्रांत आहे. शाळकरी मुलाची वही हा देशादेशांतील कज्जाचा विषय होऊ शकतो, हे त्या वेळी येथे फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही. यायला हवे होते.

‘डंपिंग’ या शब्दाचा अर्थ केवळ स्वस्त विकणे असा नाही, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. एखादा कारखानदार आपल्या देशात जी वही साठ रुपयांना विकतो तीच परदेशात पन्नासला विकू लागला, तर ते डंपिंग. परदेशात पन्नासला विकली जाणारी वही घरीही पन्नासलाच मिळत असेल, तर ती कितीही स्वस्त असली तरी तिला हा दोष सामान्यतः लागत नाही. १९४७ च्या ‘गॅट’ कराराच्या सहाव्या कलमापासून ही व्याख्या चालत आली असून १९९५ पासून जागतिक व्यापार संघटनेच्या करारात ती अधिक तपशिलाने मांडली गेली आहे. भारतात सीमाशुल्क दर अधिनियम, १९७५ च्या ‘९ अ’ कलमाखाली आणि १९९५ च्या नियमांखाली याच रीतीने चौकशी होते. डंपिंग सिद्ध झाले पाहिजे, देशी उद्योगाची हानी सिद्ध झाली पाहिजे आणि ती हानी डंपिंगमुळेच झाली हेही सिद्ध झाले पाहिजे. नियम कागदावर निर्दोष आहे. अडचण आहे ती तो राबविण्याच्या रीतीत.

वह्यांच्या त्या प्रकरणाकडे जरा जवळून पाहिले, तर ही रीत किती विलक्षण असू शकते याची कल्पना येते. आधी ‘वही’ म्हणजे काय हे इंचांत ठरविण्यात आले. कागदाची लहान बाजू सहा ते पंधरा इंच, मोठी बाजू पावणेनऊ ते पंधरा इंच आणि पाने किमान दहा, म्हणजे ती आरोपी. त्याहून लहान आकाराची, म्हणजे निर्दोष. त्यानंतर चीनच्या वहीची ‘खरी’ किंमत काढण्याची वेळ आली. चीनची अर्थव्यवस्था बाजारपेठेवर चालत नाही, म्हणून तेथील किमती विश्वसनीय नाहीत, असे अमेरिकेच्या वाणिज्य खात्याचे गृहीत. मग कागद, पुठ्ठा, तार, मजुरी यांचे दर घ्यायचे कोठून? ते घेतले गेले भारतातून! ज्या देशाच्या वह्या त्याच वेळी आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या होत्या, त्याच देशाचे दर दुसऱ्या आरोपीचा गुन्हा मोजण्यासाठी प्रमाण मानले गेले. यातील विसंगती कोणाही शाळकरी मुलाला कळेल. पण कायद्याच्या दृष्टीने तीत वावगे काहीच नव्हते.

हिशेबाची आणखी एक खुबी त्या वेळी अमेरिकेत रूढ होती. समजा, एका प्रकारची वही घरच्यापेक्षा दोन रुपये स्वस्त विकली गेली आणि दुसऱ्या प्रकारची तितक्याच संख्येने दोन रुपये महाग. कोणताही वाणी सांगेल की, सरासरी फरक शून्य. वाणिज्य खाते मात्र महाग विकलेल्या वहीचा फरक शून्य धरी आणि स्वस्त वहीचे दोन रुपये तेवढे बेरजेत घेई. जागतिक व्यापार संघटनेच्या तंटानिवारण मंडळाने ही पद्धत अमान्य केली, तेव्हा नव्या चौकशींतील सरासरीच्या तुलनेपुरती ती फेब्रुवारी २००७ पासून सोडण्यात आली. वह्यांचा निकाल त्याआधी पाच महिने लागून गेला होता.

अमेरिकेला नावे ठेवून हा विषय संपत नाही. आरोपी म्हणून वॉशिंग्टनला उभा राहिलेला भारत दिल्लीत फिर्यादीच्या जागी बसतो आणि येथील फिर्यादही कागदाचीच असते. आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेशी झालेल्या मुक्त व्यापार करारानुसार १ जानेवारी २०१४ पासून त्या देशांच्या बहुतेक कागदावरील आयातशुल्क शून्यावर आले. इंडोनेशिया, थायलंड व सिंगापूर येथून येणाऱ्या झेरॉक्सच्या कागदाविरुद्ध येथील गिरण्यांनी तक्रार केली. व्यापार उपाय महासंचालनालयाने चौकशी करून २०१८ मध्ये शिफारस केली आणि डिसेंबर २०१८ मध्ये अर्थ मंत्रालयाने तीन वर्षांसाठी शुल्क बसविले. शाळांच्या कचेऱ्या, तहसील कार्यालये, वकिलांच्या खोल्या आणि महाविद्यालयांसमोरची झेरॉक्सची दुकाने ज्या रिमांवर चालतात, तोच हा कागद.

गिरण्यांची बाजू पोकळ आहे, असे कोणी म्हणू नये. कागदाची गिरणी हा कपाटासारखा सरकवता येणारा धंदा नव्हे. ती बंद पडली की तिच्याभोवतीचे गाव बंद पडते. शिवाय या धंद्याची मूळ अडचण त्याने स्वतः ओढवून घेतलेली नाही. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने गिरण्यांना स्वस्त जंगलाकडे पाहू नका, शेतकऱ्यांकडून लाकूड मिळवा, असे सांगितले. ते योग्यच होते. परंतु सुबाभूळ-निलगिरीच्या लहान लहान तुकड्यांतून गोळा केलेले लाकूड आणि सुमात्रा बेटावरील अकेशियाच्या अफाट लागवडीतून तोडलेले लाकूड यांच्या खर्चाची बरोबरी कशी व्हावी? तरीही येथे एक भेद डोळ्यांआड होता कामा नये. परदेशी लाकूड स्वस्त पडणे ही येथील उद्योगाची अडचण आहे, डंपिंगचा पुरावा नव्हे. आणि हानीची सारी कारणे बंदरातूनच येतात असेही नाही. चंद्रपूरच्या बांबूवर १९४५ पासून उभे राहिलेले बल्लारपूर कागद कंपनीचे नाव जानेवारी २०२० मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईत गेले, तेव्हा तिच्या डोक्यावर बँकांच्या कर्जाचा डोंगर होता. इतर कारणांनी झालेली हानी आयातीच्या माथी मारू नये, असे नियमच सांगतो. चौकशीचे खरे कसब तेथे पणाला लागते.

पण या साऱ्या हिशेबात ज्याचे नाव कोठेच येत नाही, तो गिऱ्हाईक. वहीच्या किमतीत सर्वांत मोठा वाटा कागदाचा असतो. कागद टनामागे महागला की जूनमध्ये कारकुनाच्या घरात दोन-तीन मुलांच्या दोन-दोन डझन वह्यांचा खर्च वाढतो. १९९५ च्या नियमांत ग्राहकाला अगदीच वगळलेले नाही. माल किरकोळ बाजारात सर्रास विकला जात असेल, तर ग्राहकांच्या प्रातिनिधिक संघटनांना म्हणणे मांडण्याची संधी द्यावी, असे त्यांत म्हटले आहे. हे शब्द अक्षरशः वाचले तर काय होते ते पाहावे. झेरॉक्सचा रिम दुकानात मिळतो, म्हणून त्याबद्दल ग्राहक बोलू शकेल. वहीचा कागद मात्र गिरणीतून मोठमोठ्या रिळांनी वही-कारखान्यात जातो, तो दुकानात कधीच येत नाही. म्हणजे त्या कागदाबद्दल बोलण्याचा अधिकार वहीच्या कारखानदाराला, वही वापरणाऱ्याला नाही. कारखानदार एक-दोनदा बोलेलही. पण वाढलेली किंमत वहीच्या पाठीवर छापून पुढे ढकलता येत असेल, तर तो गळा काढून किती बोलणार?

गिऱ्हाईक बोलू लागला तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतच आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील लाँगव्ह्यू येथील एका, केवळ एका, कागद गिरणीने कॅनडाच्या वृत्तपत्री कागदाविरुद्ध तक्रार केली. २०१८ च्या आरंभी प्राथमिक शुल्के लागली. छापखान्यांचा खर्च भडकला. ‘टँपा बे टाइम्स’ने सुमारे पन्नास नोकऱ्या कमी कराव्या लागतील असे जाहीर केले. गावोगावच्या दैनिकांनी आणि साप्ताहिकांनी ओरड सुरू केली, लोकप्रतिनिधी आयोगापुढे साक्षीला जाऊन उभे राहिले. २९ ऑगस्ट २०१८ रोजी आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने पाच विरुद्ध शून्य मतांनी निर्णय दिला की, देशी उद्योगाची हानी या आयातीने झालेली नाही. शुल्क रद्द झाले. कायद्याचे कलम तेच, खाते तेच, आयोगही तोच. वह्यांच्या वेळी आणि या वेळी पुरावा वेगळा होता हे मान्य; पण आयोगापुढे बोलणाऱ्यांची रांगही वेगळी होती. या वेळच्या गिऱ्हाइकाच्या हाती शाई होती.

भारतातही तसेच घडले. जुलै २०१९ च्या अर्थसंकल्पात वृत्तपत्री कागदावर दहा टक्के आयातशुल्क आले, तेव्हा वृत्तपत्रांनी एका सुरात निषेध केला आणि पुढच्याच फेब्रुवारीत ते पाच टक्क्यांवर उतरले. कागदाच्या दरावर वृत्तपत्र जे काही लिहील ते वाचकाने थोडे जपूनच वाचावे, हे येथे सांगून टाकलेले बरे. वहीच्या कागदासाठी मात्र असा अग्रलेख कधी लिहिला गेल्याचे सहसा आढळत नाही. कारण वहीचे गिऱ्हाईक दहा-बारा वर्षांचे असते आणि त्याच्या बापाला राजपत्राची तोंडओळखही नसते.

एके काळी सरकारला या गिऱ्हाइकाचा विसर पडलेला नव्हता. सत्तरच्या दशकात कागदाची टंचाई झाली तेव्हा गिरण्यांकडून पांढरा छपाईचा कागद सवलतीच्या दराने घेऊन तो पाठ्यपुस्तकांसाठी आणि वह्यांसाठी राखण्यात येत असे. त्या व्यवस्थेत काळाबाजार झाला, निकृष्ट कागद आला, रांगा लागल्या. ती पुन्हा आणावी असे कोणी सुचविणार नाही. तथापि, कागदाचे धोरण आखताना विद्यार्थी हा एक पक्ष आहे, एवढे तीत गृहीत होते. वही न परवडणारी मुले आजही आहेत, हे महाराष्ट्र शासनानेच मान्य केले आहे. २०२३-२४ च्या शैक्षणिक वर्षात पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पाने घालण्याचा प्रयोग झाला तो दप्तराच्या ओझ्याबरोबर याही कारणासाठी. २०२५ मध्ये तो मागे घेण्यात आला. त्याच वर्षी, २२ सप्टेंबरपासून, वह्यांवरील वस्तू व सेवा कर बारा टक्क्यांवरून शून्यावर आणला गेला. एका हाताने दिलेली ही सवलत दुसऱ्या हाताच्या शुल्काने परत जाणार असेल, तर निदान ती जाते आहे हे कोणीतरी मोजले पाहिजे.

युरोपीय संघाच्या कायद्यात शुल्क लावण्यापूर्वी उत्पादक, वापरणारे आणि ग्राहक या सर्वांच्या हिताचा एकत्र विचार करणे बंधनकारक आहे. कॅनडातही सार्वजनिक हितासाठी निराळी चौकशी होऊ शकते. आपल्या महासंचालनालयाने अलीकडे आर्थिक हिताची प्रश्नावली पाठविण्यास प्रारंभ केला आहे, आणि हानी भरून निघण्यास पुरेल एवढेच शुल्क सुचवावे हा दंडकही आपल्याकडे आहे, जो अमेरिकेत नाही. हे दोन्ही स्वागतार्ह. परंतु प्रश्नावली भरतो तो ज्याच्याकडे वकील आणि हिशेबनीस असतो तोच. दुसरीकडे, २०२० नंतर अर्थ मंत्रालयाने महासंचालनालयाच्या अनेक शिफारशी न स्वीकारता मुदत टळू दिली. त्यांत काही निर्णय ग्राहकाच्या हिताचेही असतील, पण कारणे न सांगता दिलेल्या नकाराने ना गिरणीचे समाधान होते, ना गिऱ्हाइकाला काही कळते.

नियमात बदल करायचा तर तो फार मोठा नाही. ज्या मालापासून सर्रास वापराची वस्तू बनते, त्या मालाच्या चौकशीतही ग्राहक संघटनांना स्थान मिळावे. कागदाची चौकशी निघाली की तिची सूचना राज्यांच्या शिक्षण खात्यांना आणि बालभारतीसारख्या मोठ्या खरेदीदारांना नावानिशी जावी. कागदाच्या निविदा काढणाऱ्या या संस्थांजवळ दरांच्या नोंदी असतात, आणि त्या गिरण्यांनी सादर केलेल्या आकड्यांशी ताडून पाहता येतील. शुल्काने एका वहीमागे किती पैसे वाढतील हा आकडा शिफारशीत लिहिलेला असावा आणि मंत्रालयाने होकार दिला किंवा नकार दिला, तरी त्याची कारणे राजपत्रात यावीत. शिक्षकांच्या आणि ग्राहकांच्या संघटनांनीही पुढच्या चौकशीची सूचना प्रसिद्ध झाल्यावर दिलेल्या मुदतीत आपले निवेदन पाठवावे. ते पाठविण्यास कायद्याची आडकाठी नाही. ते वाचून त्यावर उत्तर देणे महासंचालनालयाला भाग पाडायचे असेल, तर नियमातील एक ओळ बदलावी लागेल, आणि ती बदलण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे आहे.