पत्ता आणि घर

आमच्या धाकट्या पुतणीचा सी भाषेतील प्रोग्राम घरी बिनचूक चालला आणि महाविद्यालयात परीक्षकांसमोर भलतीच अक्षरे छापू लागला. "काका, ही विद्या माझ्या कपाळी नाही," असे म्हणून तिने वही मिटली. संगणकाशी आमचा परिचय बेताचाच. परंतु सारी हयात शुद्धलेखन तपासण्यात गेल्याने चूक शोधण्याची खोड जडलेली. आम्ही वही पुन्हा उघडावयास लावली.

शहराच्या नावासाठी तिने सहा घरे राखली होती व त्यांत रोमन लिपीतील सहा अक्षरी 'इंदौर' उतरविले होते. वरकरणी हिशेब चोख! परंतु डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास घडविलेल्या या भाषेत शब्दाची लांबी कोठेही नोंदलेली नसते. शब्द संपल्याची खूण म्हणजे अखेरचे शून्य. तोच त्याचा पूर्णविराम. त्यासाठी सातवे घर हवे. येथे ते शून्य शेजाऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसले. घरच्या यंत्रावर ती ओसरी रिकामी होती म्हणून निभावले. महाविद्यालयात शेजाऱ्याने आपले सामान मांडले, शून्य पुसले गेले आणि छपाई पुढे वाहत राहिली.

दुसरी चूक पॉइंटरची. पॉइंटर म्हणजे पत्ता, घर नव्हे. नुसता पॉइंटर जाहीर करून त्यात नाव वाचून घेणे म्हणजे पत्ता न लिहिताच पाहुण्यांची रवानगी करणे होय. आधी जागा मिळवावी, ती मिळाल्याची खात्री करावी, मग पत्ता द्यावा. तिसरी चूक तुलनेची: दोन शब्दांमध्ये बरोबरीचे दुहेरी चिन्ह घातले की पत्ते ताडले जातात, अक्षरे नव्हेत. त्याकरिता 'एसटीआरसीएमपी' वापरावे, आणि ते शून्य देते तेव्हा शब्द सारखे असतात, हे विसरू नये.

या चुका केवळ नवशिक्यांच्या नव्हेत. जागा न मोजता ओळ वाचणाऱ्या 'गेट्स' या फलनाच्या फटीतून २ नोव्हेंबर १९८८ रोजी मॉरिसचा किडा इंटरनेटवरील हजारो यंत्रांत शिरला. २०११ च्या प्रमाण सी मधून ते फलन अखेर वगळले गेले. आज जीसीसीमधील 'ॲड्रेस सॅनिटायझर' अशी आगळीक जागेवरच पकडून देतो.

पुतणीने सहाचे सात केले, पण आम्हांस समाधान झाले ते तिच्या पुढच्या प्रश्नाने : "काका, मग घरी बरोबर का चालले?" चुकूनही बरोबर येणारे उत्तर संशयाने पाहावे, हे ज्यास उमगले त्यास ही विद्या परकी नव्हे.