दारात परीक्षा नको

वस्तीत संगणक वापरणाऱ्यांचे मंडळ काढायचे, त्याचे संकेतस्थळ करायचे, तर त्यावर आधी काय लिहावे? आम्ही म्हणतो, नवख्याची भीती जाईल असे लिहावे.

अमेरिकेतला दाखला पाहा. कॅलिफोर्नियात फ्रेड मूर आणि गॉर्डन फ्रेंच यांनी १९७५ साली 'होमब्र्यू कॉम्प्युटर क्लब' काढला. तुम्ही स्वतः संगणक बनवीत आहात काय, असे विचारणारे साधे पत्रक मूर यांनी लावले. माहितीची देवाणघेवाण करू, एकमेकांना मदत करू, एवढेच त्यांचे बोलावणे. ५ मार्चला फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये सुमारे ३० जण जमले. त्यांत स्टीव्ह वॉझ्नियाक हा बुजरा तरुण होता. चारचौघांत तोंड उघडायची त्याला धास्ती. पण त्या बैठकीने त्याला दिशा दिली. पुढे त्याने ॲपलचा पहिला संगणक रचला आणि त्याचे आराखडे क्लबात फुकट वाटले. क्लबच्या बैठकांत लोक उठून आपल्याला काय येते, काय हवे ते सांगत. मग ज्याचे ज्याच्याशी काम, तो त्याला गाठी.

म्हणून पदाधिकाऱ्यांचे फोटो मागाहून टाका. आधी बैठकीचा वार, वेळ, पत्ता, बसथांबा आणि वर्गणी ठळक लिहा. मोबाइलवर सहज वाचता येईल अशी मोठी अक्षरे ठेवा. 'काही येत नसले तरी या, मुलाबाळांना घेऊन या' हे सोप्या मराठीत सांगा.

येत नाही म्हणूनच माणूस शिकायला येतो. तो दारातून परत गेला, तर मंडळ कोणासाठी?